मैदानावरचा निर्णय आणि क्लेमेंटीचा फ्लॅट

मी, डॉ. नंदा अर्जुन रामटेके, वय एकसष्ट, जन्म नागपूर, इंदोरा, हल्ली राहणार क्लेमेंटी, सिंगापूर, निवृत्त धातुशास्त्रज्ञ आणि प्रेअरी स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची अद्याप निवृत्त न झालेली समर्थक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मराठीत, सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही म्हणणाऱ्यांनी मला फक्त रविवारी सकाळी, मॅच चालू असताना पाहिलेलं आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. माझंच बाकीच्यांवर असतं, अशी घरात तक्रार आहे.

लिहिण्यास कारण की, येत्या गुरुवारी माझ्या हृदयातली एक झडप बदलायची आहे. सर्जन बाई तरुण आहेत, गोड आहेत, इथल्या रीतीने वाक्याला लाह जोडत म्हणाल्या, "आंटी, व्हेरी रुटीन लाह, डोंट वरी." रुटीन हा शब्द मी प्रयोगशाळेत आयुष्यभर ऐकला आहे आणि रुटीन कामातच भट्टी तडकलेलीही पाहिली आहे. तरी मला भीती झडपेची नाही. माझी दोन मुलं, थोरला उज्ज्वल आणि धाकटी प्रियदर्शिनी, गेलं दीड वर्ष एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण घरावरून नाही, पैशावरून नाही, एका सामन्यातल्या एका निर्णयावरून आहे. मी आत टेबलावर पडलेली आणि बाहेर कॉरिडॉरच्या एका टोकाला पोरगा, दुसऱ्या टोकाला पोरगी, असं मला नको आहे. म्हणून हा कागद.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा अभय हा वकील आहे, जुरोंग ईस्टला त्याचं ऑफिस आहे. तो याचं इंग्रजी करून देणार आहे. अभय, माझे टोमणे गाळायचे नाहीत. अंमलबजावणीही तूच करायची.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. या घरात आधी एकच झालं होतं, ते माझा नवरा अर्जुन याचं. तो २००९ साली गेला. त्याने एका ओळीत सगळं मला दिलं होतं आणि सहीच्या वर लिहिलं होतं, "आणि नंदा, पाय आत होता." वकिलाने विचारलं, हे काय आहे? मी रडता रडता हसले. ते काय आहे हे इथे सांगायलाच हवं, कारण आमचा संसार त्यावर उभा राहिला.

अमेरिकेत कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे मोठा कारभार असतो. अंड्याच्या आकाराचा चेंडू असतो, तो पळवत नाहीतर हवेतून फेकत समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात न्यायचा. पट्ट्यात चेंडू झेलणाऱ्याचा एक तरी पाय रेषेच्या आत टेकला पाहिजे. मी प्रेअरी स्टेटला पीएचडी करत होते. आमचं जन्माचं वैर मिलफर्ड विद्यापीठाशी. १९८२ सालच्या मॅचमध्ये शेवटच्या डावाला मिलफर्डच्या पोराने कोपऱ्यात चेंडू झेलला. मी समोर बसले होते, मला स्वच्छ दिसलं, पाय बाहेर होता. रेफरीने दोन्ही हात वर केले, म्हणजे गुण दिला. आम्ही हरलो. मी उभी राहून मराठीत ओरडले, "आंधळा आहेस का रे मेल्या!" मागच्या रांगेतून शांतपणे मराठीत उत्तर आलं, "पाय आत होता, बाई."

मागे वळून पाहते तर मिलफर्डचा निळा स्वेटशर्ट घातलेला एक काळासावळा पोरगा. भंडाऱ्याचा. स्वस्तात तिकीट मिळालं म्हणून शत्रूच्या बाजूला येऊन बसला होता. त्याच्याशी वाद घालत घालत मी बसस्टॉपपर्यंत गेले आणि दोन वर्षांनी त्याच्याशी लग्न केलं, पुढे नोकरीसाठी दोघं सिंगापूरला आलो. तेव्हा रिप्ले बघून निर्णय तपासायची पद्धत नव्हती. असती तर वाद तिथल्या तिथे मिटला असता आणि उज्ज्वल, प्रियदर्शिनी, तुम्ही दोघं झाला नसता. त्या रेफरीला मी अजून माफ केलेलं नाही आणि त्याचे आभारही मानलेले नाहीत. दोन्ही राहिलं.

कलम २. राहता फ्लॅट उज्ज्वल आणि प्रियदर्शिनी यांना निम्मा-निम्मा. बँकेत जे आहे तेही निम्मं-निम्मं. विकायचा असेल तर विका, पण आधी बाल्कनीतला कढीपत्ता कोणीतरी घेऊन जा. तो मी नागपूरच्या बियांपासून वाढवला आहे आणि इथल्या उकाड्यात तो माझ्यापेक्षा खूष आहे.

कलम ३. टीव्ही उज्ज्वलला. माझं भिंग आणि मायक्रोमीटर प्रियदर्शिनीला, ती प्रयोगशाळेत काम करते, तिला किंमत कळेल. शिलाई मशीन पोरांच्या रविवारच्या लीगला (ती कोणती ते कलम ७ मध्ये), त्यांच्या कमरेच्या पट्ट्या मीच शिवत आले आहे, आता शिका म्हणावं. अर्जुनचा मिलफर्डचा निळा स्वेटशर्ट दोघांनाही हवा आहे हे मला माहीत आहे. दोघांनी तो माझ्याकडे वेगवेगळा मागितला आहे, दोघांनी "दुसऱ्याला सांगू नकोस" म्हटलं आहे. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

कलम ४. माझी मोठी कढई आणि तर्रीच्या मसाल्याचं प्रमाण खालच्या मजल्यावरच्या दिलीपला. दिलीप पुण्याचा, आयटी मॅनेजर. अर्जुन गेल्यापासून दर रविवारी सकाळी मॅच बघायला वर येतो. अमेरिकेतली शनिवार संध्याकाळ म्हणजे आमची रविवार सकाळ, त्यामुळे आमच्याकडे फुटबॉल आणि तर्री-पोहे एकत्रच वाढले जातात. इतकी वर्षं बघूनही हा मनुष्य विचारतो, "नंदाताई, पण आऊट कोण झालं?" अट एकच. पोह्यात साखर घालायची नाही. घातल्याचं सिद्ध झालं तर कढई परत.

कलम ५. आता राग. स्थावर-जंगम वाटून झालं, हेही कुठेतरी ठेवायला हवं.

मॅचचं प्रक्षेपण विकणाऱ्या त्या इंटरनेट कंपनीला माझा शाप, कारण ऐन तपासणीच्या वेळी तिचं चक्र फिरायला लागतं. बाराव्या मजल्यावरच्या, मी ओरडते म्हणून तक्रार करणाऱ्या बाईंना क्षमा, त्या खरं बोलत होत्या.

आणि २०१४ च्या मिलफर्ड मॅचमध्ये वर काचेच्या खोलीत बसलेल्या त्या अधिकाऱ्याला क्षमा नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हल्ली कॉलेजच्या खेळात मैदानावरचा निर्णय वर बसलेला माणूस चित्रफीत मागे-पुढे करून तपासतो. नियम साधा आहे, ठोस पुरावा दिसला तरच निर्णय फिरवायचा. आमच्या पोराच्या हातून चेंडू सुटला की त्याआधी गुडघा टेकला, हे देवाला कळलं नसतं अशी ती फीत होती. मैदानावर निर्णय आमच्या बाजूने होता, म्हणजे गुडघा आधी टेकला, चेंडू आमचाच. हा बाबा बसला बघत. माझे पोहे गार झाले. दिलीप म्हणाला, "इतका वेळ बघून कळत नसेल तर कळणारच नाही ना ताई." खेळातलं काही न कळणाऱ्याला जे कळलं ते त्या तज्ज्ञाला कळलं नाही! फिरवला निर्णय. मी रिमोट सोफ्यावर आपटला. तो तेव्हापासून चालत नाही, उज्ज्वल, टीव्हीबरोबर नवा घे.

कलम ६. ही तपासणीची पद्धत कॉलेजांत आली तेव्हा अर्जुनला इतका आनंद झाला की त्याने ती घरात लागू केली. उज्ज्वल तेव्हा इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत होता, शनिवार-रविवारी घरी यायचा. प्रियदर्शिनी सोळा वर्षांची, म्हणजे रोज एक खटला. नियम असा केला की आईबाबांचा निर्णय पटला नाही तर दोन्ही हातांनी इंग्रजी टी करून दाखवायचा, टाइमआऊट मागायचा. मग आम्ही दोघं बेडरूममध्ये जाऊन दार लावून फेरविचार करणार आणि बाहेर येऊन तीनपैकी एक उत्तर देणार. "पक्का" म्हणजे पुरावा बघितला, निर्णय बरोबरच होता. "फिरवला" म्हणजे आम्ही चुकलो. आणि "कायम" म्हणजे पुरावा पुरेसा नाही, कोण बरोबर ते कळत नाही, म्हणून दिलेला निर्णय राहू दे. हरलेल्याने भांडी घासायची.

प्रियदर्शिनी जुरोंग ईस्टला अभ्यासाला म्हणून गेली आणि सिनेमाला पोचली, तेव्हा मी तिचं बाहेर जाणं बंद केलं. तिने टी केला. "आई, आय रियली स्टडीड लाह, आधी!" आम्ही आत गेलो. आत काय चालायचं ते आज सांगते, आम्ही कपाटात लपवलेली चिक्की खायचो. अर्जुन म्हणायचा, बाहेर दोघं काळजीत आहेत, जरा वेळ लागू दे. मग तोंड पुसून, चेहरा गंभीर करून बाहेर. "निर्णय कायम." आणि उज्ज्वल बहिणीच्या वतीने भांडी घासायला उभा राहायचा. नेहमी. बहीण हरली की हा उठायचा. मला हे आठवतं आणि मग आताचं बघवत नाही.

कलम ७. तो सामना. इथल्या आपल्या पोरांची एक हौशी लीग आहे, रविवारी संध्याकाळी खेळतात. खेळ तोच, पण अंगावर धडकायचं नाही, कमरेची कापडी पट्टी ओढली की गडी थांबला. मुलं-मुली एकत्र. प्रियदर्शिनी खेळते. उज्ज्वलचा गुडघा लष्करी सेवेत गेला, म्हणून त्याने रेफरीची परीक्षा दिली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट स्वतः इस्त्री करतो, हा मुलगा ज्याने आयुष्यात स्वतःचा रुमाल कधी इस्त्री केला नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात अंतिम सामना होता. मी घडीच्या खुर्चीवर, दिलीप शेजारी छत्री घेऊन. शेवटचा डाव. चेंडू हवेतून आला, प्रियदर्शिनीने कोपऱ्यात उडी मारून झेलला, अगदी रेषेवर खाली आली. उज्ज्वल तिथेच होता. त्याने दोन्ही हात आडवे हलवले. बाहेर. तिचा संघ हरला.

कोणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. प्रियदर्शिनी तो फोन घेऊन धावली. "दादा, बघ ना! जस्ट सी लाह!"

उज्ज्वलने फोनकडे पाहिलं नाही. "लीगमध्ये रिप्ले नाही. मैदानावरचा निर्णय अंतिम."

इथपर्यंत ठीक होतं. लीगच्या नियमाप्रमाणे तो बरोबर होता. मग प्रियदर्शिनी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी बघितलं असतं."

आणि उज्ज्वल म्हणाला, "बाबा नाहीत. इथे रेफरी मी आहे."

दिलीपने छत्री मिटली, ऊन होतं तरी. त्या संध्याकाळी दोघं वेगवेगळ्या बसने गेले, उज्ज्वल बुकित पंजांगला त्याच्या घरी, प्रियदर्शिनी क्लेमेंटीतल्याच तिच्या भाड्याच्या खोलीवर, आणि तेव्हापासून एक रविवार याचा, एक रविवार तिचा. मी तेच पोहे दोन रविवारी करते. तो विचारतो, "ती बरी आहे ना?" ती विचारते, "दादाचा गुडघा कसाय?" अरे बाप्पा, मी काय पोस्टमन आहे का? व्हॉट्सॲपवर आपला तिघांचा ग्रुप आहे, त्यात मी एकटीच सकाळी फुलं पाठवते आणि दोघंही मला स्वतंत्र अंगठा दाखवतात.

कलम ८. दोघांनीही मला विचारलं, "आई, तू बघ. तू म्हणशील ते मान्य." फोनमधलं ते चित्रण दोघांनीही मला पाठवलं. दीड वर्ष मी टाळलं, आज निर्णय देते.

मी ते थांबवून, मोठं करून, भिंग लावून बघितलं. धातूतली केसाएवढी भेग शोधण्यात माझी हयात गेली, तेव्हा डोळ्यांबद्दल कोणी शंका घेऊ नये. चेंडू हातात येतो त्या क्षणी मध्ये दिलीपची छत्री येते. छत्री बाजूला होते तोवर पाय आधीच टेकलेला आहे आणि रेषेचा चुना उडालेला आहे. आत की बाहेर, सांगता येत नाही. निर्णय कायम. प्रियदर्शिनी, तू खोटं बोलत नव्हतीस. उज्ज्वल, तू चुकलास असंही दिसत नाही. दिलीप, छत्रीबद्दल तुझा निकाल वेगळा लावीन.

पाय कुठे होता हे संपलं. त्यानंतर जी दोन वाक्यं बोलली गेली, त्यांचं कोणी काही केलं नाही. शिट्टी कोणी वाजवली नाही, ती मी आज वाजवते.

प्रियदर्शिनी, फाऊल. गेलेल्या बापाला तू भावाच्या अंगावर ढकललंस. तो शर्ट इस्त्री करून उभा होता, बाबांना अभिमान वाटला असता असा, आणि तू त्याला बाबांच्या नावाने लहान केलंस.

उज्ज्वल, फाऊल. बाबा नाहीत हे तिला तुझ्याकडून ऐकायचं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये ते तिला सांगायला मी तुलाच पाठवलं होतं, कारण माझ्याच्याने होत नव्हतं. तुझ्याच तोंडून तिने ते पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकवायची गरज नव्हती.

दोन्ही बाजूंनी फाऊल झाला की दंड एकमेकांत वजा होतात आणि डाव पुन्हा खेळतात. उज्ज्वल लगेच म्हणेल, "आई, दॅट्स डेड बॉल, डाव संपल्यानंतरचा फाऊल, त्याला डाव परत मिळत नाही." माहीत आहे रे मला, तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. पण हे माझं मृत्युपत्र आहे आणि इथला नियम मी करते. डाव पुन्हा.

आणि बाबा असते तर काय झालं असतं, ते मला विचारा, पंचवीस वर्षं संसार केला आहे मी त्याच्याबरोबर. बाबा फोन बघायला सगळ्यांच्या आधी धावले असते. बघून झाल्यावर म्हणाले असते, पाय आत होता. चेंडू कोणाचाही असो, मॅच कुठलीही असो, त्या माणसाला पाय नेहमी आतच दिसायचा. असला मनुष्य रेफरी म्हणून काही कामाचा नव्हता. मला त्याची रोज आठवण येते.

कलम ९. माझ्यामागे जास्त सोपस्कार नकोत. त्रिसरण, पंचशील म्हणावं, नागपूरला माझ्या भावाला फोन करावा, आलेल्यांना चहा-पोहे द्यावेत. रविवारी सकाळी ठेवू नये. मी नसले तरी दिलीप मॅच बघत असेल.

कलम १०. साक्षीदारांबद्दल. हे कलम नीट वाचावं, बाकीची त्याच्यासाठी लिहिली आहेत.

अभय मागच्या आठवड्यात घरी आला आणि म्हणाला, "मावशी, इथल्या कायद्याने मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दोघंही एकाच वेळी, एकाच जागी हजर पाहिजेत. सह्या एकमेकांसमोर."

मी म्हटलं, "परत सांग."

त्याने परत सांगितलं.

"मग माझे साक्षीदार ठरले. उज्ज्वल आणि प्रियदर्शिनी."

अभयच्या हातातला चहा बशीत सांडला. "मावशी, भलतंच काय! साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्यांनी सही केली की फ्लॅट, बँक, टीव्ही, तुम्ही लिहिलेलं सगळं त्यांच्या बाबतीत रद्द!"

"रद्द झालं तर जाईल कोणाला?"

"तेवढ्यापुरतं मृत्युपत्र नव्हतंच असं धरायचं. मग कायदा वाटणी करतो. तुमचे यजमान नाहीत, म्हणजे मुलांना सारखं."

"म्हणजे निम्मं-निम्मं."

"हो."

"कलम दोनमध्ये आहे तसंच."

अभयने बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाला, "मावशी, मग हे लिहायचंच कशाला?"

"दोघांना एका टेबलाशी बसवायला, बाळा."

त्याने डोक्याला हात लावला, पण काढला तेव्हा हसत होता. वर म्हणाला, "पण स्वेटशर्टचं काय? तो निम्मा-निम्मा होत नाही." मी म्हटलं, म्हणूनच तर कलम तीनमध्ये मोकळा सोडला आहे. तो कोणाकडे राहील, कोण कधी घालेल, हे दोघांना आपसांत बोलूनच ठरवावं लागेल, आणि माझ्यामार्फत निरोप चालणार नाहीत.

तर आज, शनिवारी सकाळी, मी दोघांना सहीसाठी बोलावलं आहे. दुसराही येणार हे एकालाही सांगितलेलं नाही. ही लबाडी आहे आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. हा कागद आधी दोघांनी वाचायचा, मग ठरवायचं. स्वयंपाकघरात दिलीप आणि शेजारच्या मिसेस टान बसले आहेत, ते दोघं तयारीत आहेत. तुमच्यापैकी एकजण जरी उठून गेला तर सही ते करतील, वर लिहिल्याप्रमाणे ज्याचं त्याला मिळेल, फक्त साक्षीदार म्हणून दिलीपची कढई हुकेल, आणि अभयचं काम सोपं होईल. माझं होणार नाही.

मी रागावणार नाही. खोटं कशाला लिहू, रागावेन. पण गुरुवारी जाईन, यायचं असेल तर परत येईन आणि महिनाअखेरची मिलफर्डची मॅच बघीन. एवढंच वाटतं की सही करताना मान वर केली तर दोघंही समोर दिसावेत. मला तुम्ही दोघं एकत्र हवे आहात. या एका गोष्टीसाठी मी दहा कलमं लिहिली.

वरील सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून लिहिलं आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्ही माझ्या आहेत.

जय भीम.

नंदा अर्जुन रामटेके
क्लेमेंटी, सिंगापूर
शनिवार, १२ नोव्हेंबर २०१६

साक्षीदार

डॉ. नंदा रामटेके यांनी ही सही आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत केली. त्यानंतर आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर, एकाच टेबलाशी बसून सह्या केल्या. सही केल्याने या कागदातून आम्हाला काही मिळणार नाही, हे आम्ही वाचलं आहे आणि आम्हाला चालतं.

१. उज्ज्वल अर्जुन रामटेके, बुकित पंजांग.
साक्षीदाराने शेरा लिहायचा नसतो असं अभय म्हणतो. आई म्हणते लिही. माझं पेन चाललं नाही, प्रियाने तिचं दिलं. डेड बॉलबद्दलचा नियम आईने चुकीचा लावला आहे, पण मी हरकत घेत नाही.

२. प्रियदर्शिनी अर्जुन रामटेके, क्लेमेंटी.
माझ्या मराठीत चुका असतील, सॉरी. दादा वाचून झाल्यावर उठून गेला होता. मी मागे गेले. तो लिफ्टपाशी उभा होता, बटण दाबलेलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, आईने इतकं हसत हसत लिहिलंय. ती खूप घाबरलीय." तो म्हणाला, "मला पण तेच वाटलं." मग आम्ही आत आलो. गुरुवारी तिला आम्ही दोघं घेऊन जाणार आहोत.